तांबडी कोंडवाड्यात

बायाक्का वखारीत तंबाखू चाळत बसली होती, तेव्हा निरोप आला की तांबडीनं मष्णूचा हात मोडला.

निरोप आणला होता मोटारअड्ड्यावरच्या पानवाल्यानं. वखारीत पाऊल टाकलं की त्याला शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून तो दारातूनच ओरडला. चाळण्या थांबल्या. शेजारी बसलेल्या, गावात नव्यानंच आलेल्या जयाबाईनं तोंडावरचा पदर खाली केला आणि विचारलं, "तांबडी म्हंजे गाय का म्हस गं?"

"मोटार," बायाक्का म्हणाली आणि पदर झाडून उठली.

निपाणीत त्या काळी, म्हणजे छत्तीस-सदतीस सालच्या सुमाराला, मोटारी फार नव्हत्या. होत्या त्यांत तांबडी सगळ्यांत बदनाम. बेळगावच्या कॅम्पातला कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना ती टाकून गेला होता. मारुतीरावांनी ती आणली, मागचं अंग कापून लाकडी बाकं ठोकली, वरून तांबडा रंग फासला आणि निपाणी ते संकेश्वर सर्व्हिस चालू केली. मारुतीराव हा मूळचा बैलांचा शौकीन माणूस. शर्यतीच्या बैलांवर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. जे गाडी ओढतं ते जनावर, यापलीकडं त्यांची समजूत कधी गेली नाही. बेंदराच्या सणाला गावातले लोक बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचे, तेव्हा मारुतीराव तांबडीच्या दिव्यांना लावायचे. पुरणपोळीचा घास तिच्या नळकांड्यासमोर धरायचे आणि मग स्वतः खायचे.

मष्णू त्यांच्या गॅरेजातला एकुलता एक मिस्त्री. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. भावांच्या वाटणीत शेत पुरेना म्हणून कॅम्पात जाऊन पाने-पकडी धरायला शिकला, आणि लग्नानंतर बायकोला, बायाक्काला, घेऊन निपाणीला आला. माणूस अबोल. काम करताना तेवढा स्वतःशी पुटपुटायचा.

तांबडी त्याला पहिल्यापासूनच मारत आली होती. टायरमध्ये हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग सटकली आणि त्याचे पुढचे दात घेऊन गेली. जॅक घसरला आणि पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. एकदा पाण्याचं झाकण उघडताना वाफ उसळली आणि गळ्याची कातडी सोलून निघाली. दर वेळी मारुतीराव धावत यायचे, मष्णूला पाणी पाजायचे आणि मान हलवून म्हणायचे, "रागावली रं तुझ्यावर. काय तरी चुकलं असंल तुझं." मग मष्णूनं तांबडीपुढं नारळ फोडायचा, हात जोडायचे आणि 'चुकलं माझं' म्हणायचं. दात गेल्यावर त्यानं ते 'तुकलं माजं' असं म्हटलं होतं, आणि मारुतीरावांनी ते पुन्हा नीट म्हणायला लावलं होतं.

बायाक्काला हे सगळं ठाऊक होतं. दर खेपेला तिनं हळद लावली, बोटं मोडली आणि गप्प बसली. पण हात म्हणजे हात. गॅरेजाकडं जाताना ती चालत नव्हती, पळतही नव्हती. त्या दोहोंच्या मधली तिची ती चाल बघून रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला होत होती.

गॅरेज गावाच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या. आज तट्ट्या दोनच उरल्या होत्या. तिसरी ओढ्यापलीकडं, वाडीतल्या भावकू शेतकऱ्याच्या तंबाखूत आडवी पडली होती, आणि तिच्या पुढं, कमरेएवढ्या झाडांच्या मधोमध, तांबडी उभी होती. तोंड वाडीकडं करून.

मष्णू पिंपावर बसला होता. उजवा हात त्यानं डाव्या हातात असा धरला होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि याच्याकडं सांभाळायला दिलाय. मनगट सुजून टम्म झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"काय झालं ओ?" ती खाली बसत म्हणाली.

"हँडल मारत होतो." तो हळू म्हणाला. "उलटं आलं."

झालं होतं ते असं. मोटार सुरू करायला पुढून हँडल घालून फिरवायचं. फिरवण्याआधी आतला स्पार्कचा दांडा मागं ओढायचा, म्हणजे हँडल उलटं मारत नाही. तांबडीचा तो दांडा गेलं वर्षभर मागं येत नव्हता. मारुतीरावांनी तो मागं ओढून धरायला सुतळी बांधून दिली होती. आज सुतळी तुटली. हँडल गाढवाच्या लाथेसारखं उलटं आलं, मनगट मोडलं, आणि त्याच वेळी इंजिन सुरूही झालं. गेरही आपोआप पडायची खोड होतीच. मष्णू बाजूला कोसळला म्हणून वाचला. तांबडी त्याच्या शेजारून निघाली, तट्टी घेऊन ओढ्यात उतरली, पलीकडं चढली आणि तंबाखूत जाऊन बंद पडली. भावकू तिथं झाडांचे शेंडे खुडत होता. आपल्या दिशेनं येणारी तट्टी बघून त्यानं आधी देवाचं नाव घेतलं, मग मागून मोटार दिसल्यावर मारुतीरावांचं घेतलं.

आता तो भावकू बांधावर उभा राहून बोंबलत होता. ओढ्याच्या दोन्ही काठांवर बघे जमले होते. मारुतीराव मधोमध, पटका हातात घेऊन.

"मी काय करू, भावकू? मी चालवली का? माझा हात तरी लागला का तिला? तिच्या मनात आलं, ती गेली!"

मग त्यांना बायाक्का दिसली. ते जवळ आले, आवाज खाली आणला. "बायाक्का, घाबरू नगंस. मालुबाईकडं न्हेऊ ह्येला, हाड बसवून दील ती. पण आदी नारळ फोडू दे ह्येला. लई रागावलीया आज. डाव्या हातानं फोडला तरी चालंल."

बायाक्का उठून उभी राहिली.

"अण्णा, हात कुणी मोडला म्हणता?"

"तांबडीनं."

"दांडा बिघडलाय म्हणत्यात ह्ये."

"दांड्याचं काय न्हाय गं! खोडीचं जनावर हाय. खोडीचं हाय म्हणून तर पळतंय. माझा सोन्या बैल असाच हुता. लाथ मारायचा, पण शर्यतीत त्येच्या पुढं कोण जाईत न्हवतं."

"म्हंजे जनावर हाय."

"जनावरच की!"

"मग माणसाला मारून दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालत्यात," बायाक्का म्हणाली. "आमच्या बाची म्हस घातलीती. हिला बी घाला."

दोन्ही काठांवर हशा पिकला. पानवाला तर खालीच बसला. बायाक्का आणि मारुतीराव सोडले तर हसले नाहीत ते फक्त तिघं. मष्णू, कारण त्याला हसायची ताकद नव्हती. भावकू, कारण त्याला ते एकदम पटलं. आणि तिसरा यमनाप्पा.

यमनाप्पा हा वाडीच्या कोंडवाड्याचा राखणदार. मोकाट गुरं आत घालायची, चारा-पाणी करायचं आणि मालक आला की पाटलांसमोर उभं करायचं, हे त्याचं काम. घरात कानडी बोलणारा, स्वभावानं सरळ, आणि हसण्यावारी नेण्यासारखं जगात काही असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो ओढा ओलांडून शेतात गेला, तांबडीभोवती एक फेरी मारली, तुडवलेली झाडं पाहिली, चाकांचे माग पाहिले.

"हौदु, व्हय," तो म्हणाला. "पिकात हाय. शीव वाडीची हाय. मालक बी जनावर म्हंतोय. घालायला पायजे."

"अरे, पण ती मोटार हाय!" मारुतीराव ओरडले.

यमनाप्पा गोंधळला. त्यानं पाळीपाळीनं तांबडीकडं आणि मारुतीरावांकडं पाहिलं. "आत्ता जनावर म्हटलात की वो तुम्ही. समद्यांनी ऐकलंय."

मारुतीराव अडकले. जनावर नाही म्हणावं, तर यंत्र. यंत्र म्हटलं की दांडा आला, सुतळी आली, वर्षभराचं सगळं आलं. आणि समोर मष्णूचा हात. त्यांनी पटका डोक्यावर ठेवला आणि ताठ होऊन म्हणाले, "जनावर हाय. मारुतीरावाचा शब्द बदलत न्हाय. न्ह्या."

भावकूनं आपलेच बैल जुंपले. तांबडीच्या पुढच्या दांडीला कासरा बांधून तिला वाडीत नेली. गावातून निघालेल्या वरातीलाही एवढी माणसं नसतात. बायाक्का मात्र बघायला थांबली नाही. ती मष्णूला घेऊन मालुबाईकडं गेली.

मालुबाई माणसांची आणि बैलांची हाडं एकाच ओट्यावर, एकाच बांबूच्या कांबट्यांनी बसवायची. तिनं मष्णूचा हात ओढला, तेव्हा तो ओरडला नाही. फक्त त्याचे डोळे वर गेले आणि बायाक्काच्या खांद्यावर त्याचं सगळं वजन आलं. कांबट्या बांधून झाल्यावर मालुबाई म्हणाली, "बसलंय. पण सरळ हुईल असं सांगत न्हाय मी."

घरी आल्यावर बायाक्कानं भाकरी कुस्करून दुधात घातली आणि त्याला भरवायला बसली. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "तुमाला ठावं हुतं नव्हं? दांड्याचं?"

"व्हय."

"मग नारळ कशाला फोडत हुता दर खेपंला? चुकलं माझं म्हणायचं आन् काय!"

मष्णू बराच वेळ चावत राहिला. पुढचे दात नसल्यामुळं त्याला वेळ लागायचाच.

"मालकाला सांगून बघितलं की गं. दांडा बदला म्हणून. ऐकत न्हाईत." मग थोड्या वेळानं, "रागावलीया म्हटलं की बरं वाटायचं. कुणाचं तरी ध्यान हाय आपल्याकडं, असं. नुसतं लोखंड हाय, त्येला आपला पत्ताच न्हाई, आन् त्येनं मारलं, तर मग काय करायचं माणसानं?"

बायाक्कानं पुढचा घास मोठा केला.

इकडं कोंडवाड्यात यमनाप्पाची तारांबळ उडाली होती. आत शेळ्या होत्या, एक मोकाट वळू होता आणि आता तांबडी. जनावर आत घातलं की त्याला उपाशी ठेवायचं नाही, असा नियम. यमनाप्पानं तिच्या पुढं कडबा टाकला. तो शेळ्यांनी खाल्ला. त्यानं पुन्हा टाकला. ती पाणी कुठून पिते हे पानवाल्यानं दाखवल्यावर त्यानं झाकण काढून घागर ओतली. पाणी खालून निघून गेलं. यमनाप्पा खाली वाकून बघत राहिला आणि समाधानानं म्हणाला, "पचतंय." दुसऱ्या दिवसापासून शेळ्या बाकांवर बसायला लागल्या. वळूला मात्र तांबडी आवडली नाही. तो तिच्यासमोर उभा राहून माती उकरायचा. तिनं काहीच केलं नाही, तेव्हा त्याला वाटलं असावं की ही भ्यायली. मग तो तिच्याच सावलीत झोपायला लागला.

मारुतीराव रोज यायचे, कुंपणाबाहेर उभे राहायचे आणि तांबडीला विचारायचे, "कशी हाईस, बाई?" संकेश्वरच्या बाजाराचे उतारू दुसऱ्या मोटारीनं जायला लागले, तेव्हा त्यांचा धीर सुटला. ते पाटलांच्या ओसरीवर गेले.

वाडीचे पाटील म्हातारे होते. आयुष्यात ते मोटारीत बसले नव्हते आणि बसायची इच्छाही नव्हती. ओसरीवर भावकू होता, यमनाप्पा होता, आणि गळ्यात हात अडकवलेला मष्णू. बायाक्का खांबाला टेकून उभी होती.

"दंड भरतो. भावकूला काय द्यायचं ते देतो," मारुतीराव म्हणाले. "सोडा माझी तांबडी."

"सोडतो," पाटील म्हणाले. "पन मारुतीराव, हे जनावर मारकं हाय हे तुमाला आदी म्हाईत हुतं का?"

"समद्या निपाणीला म्हाईत हाय! तशी धमक आसंल तर दाखवा दुसऱ्या मोटारीत!"

"म्हंजे म्हाईत हुतं. मग मारकं जनावर मोकळं कसं फिरवलंत? मारक्या जनावराच्या गळ्यात लोढणं बांधत्यात. हिला बांधा आन् न्ह्या."

बायाक्कानंही एवढं काही मागितलं नव्हतं. ती एक पाऊल पुढं आली.

"पाटील, मी बोलू का? अण्णांनी एवढं म्हनावं, की जनावर न्हवं, यंत्र हाय, दांडा बिघडलाय, आन् मी तो बदलतो. लोढणं नगं, काय नगं. आमी जातो घरला."

मष्णूनं मान वर केली. सगळे मारुतीरावांकडं बघायला लागले. मारुतीरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मष्णूच्या हाताकडं पाहिलं, आणि चटकन नजर काढून घेतली.

"लोढणं कुटलं घालायचं?" त्यांनी विचारलं. "बाभळीचं का लिंबाचं?"

लोढणं बाभळीचं घातलं. चांगला जाड ओंडका, दोराला बांधून तांबडीच्या पुढच्या दांडीला अडकवलेला. चालताना तो डावी-उजवीकडं झुलायचा आणि लोखंडावर ठण् ठण् वाजायचा, त्यामुळं तांबडी येतेय हे दोन गावं आधी कळायला लागलं. पण खरी गंमत वेगळीच झाली. हँडल घालायचं भोक नेमकं त्या ओंडक्यामागं आलं. हँडल घालताच येईना. लोढणं काढायचं तर पाटलांचा शब्द मोडायचा, आणि यमनाप्पा अधूनमधून अड्ड्यावर येऊन ते जागेवर आहे का बघून जायचा. मग एकच उपाय उरला. उतारूंनी मागून ढकलायचं.

पहिले काही दिवस लोकांना मौज वाटली. बाजारकरी, शेतकरी, गूळवाले, सगळे 'हर हर महादेव' करून ढकलायचे. पण हळूहळू कुरकुर सुरू झाली. शहापूरचा एक साडीवाला डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन ढकलत होता, ते गाठोडं चिखलात पडलं. एका लग्नाच्या वऱ्हाडानं नवरदेवाला सुद्धा खाली उतरवलं, आणि मोटार सुरू झाल्यावर तो मागंच राहिला. शेवटी एकदा मोटार वाटेतच बंद पडली आणि एका म्हाताऱ्यानं रस्त्याच्या कडेला बसकण मारली. "तिकीट काडलंय मी! ढकलायचंच हाय तर माजा बैल काय वाईट हाय? त्यो ढकलावा तरी लागत न्हाय!"

ते सगळ्यांनाच पटलं. सगळे उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीत जाऊन बसले. दिवस मावळायला अजून अवकाश होता. संकेश्वरच्या वाटेवर, उसाच्या फडांच्या मधे, मारुतीराव आणि तांबडी, दोघंच उरले.

पुढचं सगळं फडात ऊस तोडणाऱ्या माणसांनी पाहिलं, म्हणून गावाला कळलं. मारुतीराव बराच वेळ तांबडीच्या पुढं उभे राहिले. मग त्यांनी खिशातून चाकू काढून लोढण्याचा दोर कापला. ओंडका रस्त्याकडेच्या चरीत गेला. त्यांनी तिच्या टपावरून हात फिरवला, मानेला थोपटावं तसं थोपटलं, आणि म्हणाले, "आई माझे, मी दावं सोडलंय तुझं. आता तू माझी लाज राख." आणि हँडल घालून, सगळा जोर लावून फिरवलं.

कडाड् असा आवाज फडापर्यंत ऐकू आला.

माणसं कोयते टाकून धावली. मारुतीराव रस्त्यात बसले होते, हात पोटाशी धरून. ते ओरडत नव्हते. तांबडीकडं बघत होते. "मी काय केलं गं तुला?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "मी काय केलं?"

त्यांना बैलगाडीत घालून मालुबाईकडं आणलं, तेव्हा ओट्यावर मष्णू आणि बायाक्का आधीच होते. कांबट्या सैल झाल्या होत्या, त्या आवळून घ्यायला आले होते. मालुबाईनं मष्णूला एका बाजूला सरकवलं आणि मारुतीरावांना शेजारी बसवलं. त्यांचं मनगट डोळ्यांजवळ आणून पाहिलं. बायाक्काही बघत होती. तीच सूज, तोच वाक, तेच मनगट.

"कशानं मोडलं?" मालुबाईनं विचारलं.

मारुतीरावांनी मान फिरवली.

"बोला. ठाऊक असल्याबिगार मी ओढत न्हाय. जनावरानं लाथ घातली तर हाड आत बसतं, वर ओढावं लागतं. यंत्रानं पिळलं तर उलटं फिरवावं लागतं. चुकीचं ओढलं तर जल्मभर भाकरी तोडता यायची न्हाय." तिनं मनगट घट्ट धरलं. "जनावरानं मोडलं का यंत्रानं?"

"तांबडीनं," मारुतीराव कसेबसे म्हणाले.

"बरं. म्हंजे जनावर." मालुबाईनं पाय रोवला आणि वर ओढायला हात सरसावले.

"न्हाई! न्हाई! थांब!" मारुतीराव किंचाळले. "यंत्र! यंत्र हाय! दांडा बिघडलाय तिचा! वरीसभर बिघडलाय. मला म्हाईत हाय, मष्णूनं सांगितलंतं, मीच बदलला न्हाय! यंत्रानं मोडलाय, बाई, उलटं फिरीव!"

मालुबाईनं पायाची जागा बदलली.

बायाक्कानं इतके दिवस या शब्दांची वाट पाहिली होती. ऐकल्यावर आपल्याला कसं वाटेल, याचा तिनं वखारीत बसून विचारही करून ठेवला होता. आपण हसू, नाहीतर चारचौघांत एखादं टोचून बोलू. पण समोर मारुतीरावांचा पटका सुटून मांडीवर पडला होता आणि विरळ झालेल्या केसांतून घाम गळत होता. मालुबाई म्हणाली, "धरा गं कुणीतरी ह्यास्नी मागनं." कुणी पुढं येईना. बायाक्काच उठली, मागं बसली आणि तिनं त्यांचे खांदे दोन्ही हातांनी आवळून धरले.

"दातावर दात ठेवा, अण्णा," ती म्हणाली. "आता हुतंय."

मालुबाईनं फिरवलं. मारुतीरावांनी हंबरडा फोडला तो ओढ्यापर्यंत गेला. शेजारी बसलेल्या मष्णूनं आपला डावा हात पुढं केला, आणि मारुतीरावांनी तो पकडला तो कांबट्या बांधून होईपर्यंत सोडला नाही.

दांडा बदलायला बेळगावहून मिस्त्री आला. कॅम्पातला, मष्णूच्या ओळखीचा. त्याचा चहा निवायच्या आत काम झालं. गेरही त्यानं नीट करून दिला. मारुतीराव आणि मष्णू दोघंही गळ्यात हात बांधून बाजूला उभे होते. मिस्त्रीनं हँडल घातलं, एका हातानं, तेही पान चघळत, अलगद फिरवलं. तांबडी मांजरासारखी घुरघुरायला लागली.

जमलेले लोक थोडा वेळ थांबले. अजून काही होईल अशी त्यांची आशा होती. काही झालं नाही. "म्हातारी झाली," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पांगले.

मारुतीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. "मष्णू," ते म्हणाले, "आता ही कुणाची बी झाली रं."

बायाक्कानं मष्णूला सांगून ठेवलं होतं की परत कामावर जायचं असेल तर जा, पण नारळ फोडायचा असेल तर घरी येऊ नका. मारुतीरावांनी पुन्हा कधी नारळाचं नाव काढलं नाही. उलट पुढं त्यांची एक विचित्र सवय झाली. कुठलीही वस्तू हातात घेतली, मग तो पाना असो नाहीतर विहिरीचा रहाट, की ते आधी मष्णूला विचारायचे, "बिघडलंय का रं?" मष्णू न्हाय म्हणाल्याशिवाय त्याला हात लावायचे नाहीत. जेवताना तांब्याबद्दलही एकदा विचारलं, असं त्यांच्या घरातल्यांनी सांगितलं.

मष्णूचा हात सरळ बसला नाही. मनगटाला वाक राहिला. पाना धरला की तो डावीकडं तिरका जायचा, म्हणून त्यानं सगळी कामं डाव्या हातानं करायची सवय लावून घेतली. नट घट्ट करताना दिशा चुकायची आणि तो स्वतःवरच पुटपुटायचा. वखारीतल्या बायका अजूनही बायाक्काला विचारायच्या, "कशी हाय तुझी तांबडी?" ती चाळणी हलवत राहायची.

थंडी पडली की मष्णूचं मनगट ठणकायला लागायचं. सकाळी कामावर जायच्या आधी तो चुलीपुढं बसायचा. बायाक्का तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधायची आणि त्याच्या हातावर ठेवायची, आणि तो चटका बसला तरी हात मागं घेत नसे.